शिकारीचा हिशेब

१९९३ साली इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने ‘गिव्ह युअर डॉग अ बोन’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि, पिशवीतील कोरडे दाणे व डब्यातील शिजवलेला लगदा हेच कुत्र्याचे सर्वोत्तम अन्न होय या ज्या मतावर त्याच्या व्यवसायबंधूंनी कित्येक वर्षे डोळे मिटून शिक्कामोर्तब केले होते, त्या मताविरुद्ध उघड फिर्याद गुदरली. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असून त्याचे दात, जबडा, जठर आणि आतडी ही सारी शिकार फाडून खाण्यासाठी घडलेली आहेत. तेव्हा कच्चे मांस, मांस लगडलेली कच्ची हाडे, यकृतादी अवयव आणि थोडाफार भाजीपाला एवढे त्याच्यापुढे ठेवावे, म्हणजे कातडीची खाज, दातांवरचे कीटण, तोंडाची दुर्गंधी आणि उतारवयातील अनेक दुखणी आपोआप हटतील, असा त्याचा दावा. २००१ मध्ये टॉम लॉन्सडेल या दुसऱ्या पशुवैद्याने ‘रॉ मीटी बोन्स’ या ग्रंथात हीच तक्रार अधिक तिखट शब्दांत मांडली, पशुवैद्य आणि अन्नाचे कारखानदार यांच्या साटेलोट्यावर बोट ठेवले, आणि पाहता पाहता ऑस्ट्रेलियाप्रमाणेच अमेरिकेत व युरोपात असा एक पंथ उभा राहिला, की ज्याच्या निष्ठावंत अनुयायांच्या घरी माणसांच्या फ्रीजशेजारी कुत्र्याचा स्वतंत्र डीप फ्रीझर गुरगुरत असतो. या पंथाची तक्रार मला पुष्कळ अंशी रास्त वाटते; त्याने सुचविलेला इलाज मात्र जेवढा सोपा करून सांगितला जातो तेवढा सोपा नाही.

तक्रार रास्त का, हे समजण्यासाठी तयार अन्नाच्या जन्मकथेकडे जावे लागते, आणि तो जन्म कोणा वैद्याच्या प्रयोगशाळेत झालेला नाही. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन गृहस्थ, इमारतींवर वीज पडू नये म्हणून बसवावयाच्या सळ्या विकण्याच्या खटपटीत, १८६० च्या सुमारास इंग्लंडात आला असता बंदरावर टाकून दिलेली जहाजी बिस्किटे मोकाट कुत्री मिटक्या मारीत खात असल्याचे त्याने पाहिले आणि त्यावरून त्याला नवा धंदा सुचला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, गव्हाचे पीठ, बीट, भाज्या आणि मांसाचे वाळवलेले अंश यांची त्याने काढलेली वडी इंग्लंडातील जमीनदारांच्या शिकारी कुत्र्यांपर्यंत जाऊन पोहोचली. आणि त्याच्याच पेढीवर उमेदवारी केलेल्या चार्ल्स क्रफ्टने १८९१ मध्ये स्वतःच्या नावाने जे श्वानप्रदर्शन सुरू केले ते आजतागायत भरत आले आहे. बिस्किटाचा व्यापार आणि जातिवंत कुत्र्याचा शौक ही दोन्ही भावंडे अशी एकाच ओसरीवर वाढली. १९२२ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात चॅपल बंधूंनी घोड्याचे मांस कुत्र्यांसाठी डबाबंद करून विकण्यास आरंभ केला. मोटारगाड्यांनी घोडे निकामी करून स्वस्त केले होते, एवढेच त्यामागचे आहारशास्त्र. पुढे दुसऱ्या महायुद्धात कथिलाचा पत्रा लष्कराच्या कामी लागल्यामुळे डबे बाजारातून नाहीसे झाले आणि कोरड्या अन्नाला मैदान मोकळे सापडले.

आज सर्वत्र दिसणारा फुगीर कोरडा दाणा १९५७ मध्ये अमेरिकेतील प्युरिना कंपनीने बाजारात आणला. त्याची कृती पाहण्यासारखी आहे. धान्याचे पीठ, मांसाची व हाडांची भुकटी आणि पाणी यांचे मिश्रण वाफेच्या उष्णतेत व प्रचंड दाबाखाली एका लांब नळीतून मळसूत्राने पुढे ढकलले जाते, आणि तोंडाशी असलेल्या साच्याच्या छिद्रांतून ते बाहेर पडते त्या क्षणी दाब एकाएकी उतरून, लाही फुलावी तसे ते फुलते. मग ते वाळवून त्यावर चरबी आणि यकृतादिकांचा पाचवलेला रस फवारतात, कारण त्यावाचून कुत्रा त्याला तोंड लावीलच याचा भरवसा नसतो. यातील मर्माची गोष्ट अशी, की पिठातल्या स्टार्चवाचून हा दाणा फुलतही नाही आणि त्याचा आकारही टिकत नाही. म्हणजे कुत्र्याला स्टार्चची गरज आहे की नाही हा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वीच यंत्राला ती आहे, हे ठरून गेलेले असते. कच्च्या मांसाच्या पुरस्कर्त्यांनी या एका गोष्टीवर जेवढा भर द्यावयास हवा होता तेवढा दिलेला नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

तथापि, कारखान्यापूर्वीचा काळ म्हणजे कुत्र्यांचे सत्ययुग होते, अशीही समजूत कोणी करून घेऊ नये. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी हा संशोधक मुलांच्या मुडदुसाचे कारण शोधीत होता, आणि त्यासाठी त्याने पिल्लांना गरीब वस्तीतील मुलांच्या ताटात असे तसेच अन्न, मुख्यत्वे ओटची लापशी, देऊन पाहिले. पिल्लांच्या पायांची हाडे वाकली, सांधे सुजले. आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल देताच हे अरिष्ट टळले. ड जीवनसत्त्वाचा शोध ज्या वाटेने लागला त्या वाटेवरचा हा पहिला मोठा टप्पा होय. माणसाच्या कातडीत ऊन पडताच हे जीवनसत्त्व तयार होते, कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसे होत नाही, ही गोष्ट पुष्कळ नंतर सिद्ध झाली. म्हणजे त्या पिल्लांना अंगणात मोकळे सोडले असते तरी केवळ उन्हाने त्यांचे पाय सरळ झाले नसते. याच मेलनबीने १९४६ मध्ये आणखी एक उलगडा केला. कुत्र्यांना एकाएकी झटके यावेत, त्यांनी भ्रमिष्टासारखे धावत सुटावे, असा एक विकार कित्येक वर्षे पशुवैद्यांना बुचकळ्यात टाकीत होता. त्याचे मूळ संसर्गात नसून, पीठ शुभ्र दिसावे म्हणून गिरणीत ज्या नायट्रोजन ट्रायक्लोराइड वायूची प्रक्रिया त्यावर करीत त्या वायूत आहे, असे त्याने दाखवून दिले. ती प्रक्रिया पुढे बंद झाली. पण बिस्किटाने कुत्र्याला वेड लावल्याचा हा दाखला कागदोपत्री कायमचा नोंदलेला आहे.

आता लांडग्याचा मुद्दा. कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ आणि खालच्या जबड्यातील पहिली दाढ या परस्परांना घासून मांस कातरतात, जबडा आडवा हलवून रवंथ करण्याची सोय त्यात नाही, आणि लाळेत स्टार्च पचविणारे अमायलेज नाही. ही सारी साक्ष पंथाच्या बाजूची. परंतु कुत्र्याच्या स्वादुपिंडाची जबानी निराळी आहे. २०१३ मध्ये स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी ‘नेचर’ नियतकालिकात असे दाखवून दिले, की स्वादुपिंडात अमायलेज तयार करण्याचा हुकूम देणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, तर कुत्र्यात त्या ४ पासून ३० पर्यंत आढळतात. पुढच्या तपासात तर याहून सूक्ष्म भेद पुढे आला: ऑस्ट्रेलियातील डिंगोमध्ये या प्रती लांडग्याइतक्याच, उत्तर ध्रुवाकडच्या, सील आणि मासे खाऊन स्लेज ओढणाऱ्या हस्की कुत्र्यांत त्या थोड्या, आणि शेती करणाऱ्या लोकांच्या उंबऱ्यावर वाढलेल्या कुत्र्यांत पुष्कळ. तेव्हा कुत्र्याचा पूर्वज कोण होता एवढे विचारून भागत नाही, त्या पूर्वजाचा धनी काय खात होता हेही विचारावे लागते. सोलापूर, सांगली, लातूरकडचा कारवानी कुत्रा, ज्याला कोणी पश्मी म्हणतात, सशामागे धावण्यासाठी प्रसिद्ध. पण रोजच्या वाडग्यात त्याच्या वाट्याला ज्वारीची भाकरी, दूध आणि धन्याची ऐपत असेल तर अंडे, असाच शिधा येत गेला. धनगराच्या वाड्यावर मेंढरांची राखण करणाऱ्या कुत्र्याचीही तीच कथा. या कुत्र्यांना लांडग्याचे ताट वाढणे म्हणजे त्यांच्या घराण्यातील अलीकडच्या कित्येक हजार वर्षांचे दप्तर जाळून टाकण्यासारखे आहे.

शिवाय लांडग्याच्या आहारात त्याला दीर्घायुषी करण्याची काही खास शक्ती असावी, हे गृहीतच तपासून पाहण्यासारखे आहे. रानातल्या जनावराला पिल्ले वाढवून हातावेगळी होईपर्यंत जगता आले म्हणजे निसर्गाचे काम भागते; त्यापुढे त्याची मूत्रपिंडे शाबूत राहतात की नाही याची फिकीर निसर्गाने कधी केलेली नाही. कुत्र्याच्या मालकाला मात्र चौदा वर्षांचा सोबती हवा असतो.

पण हे सर्व बाजूला ठेवून, कुत्र्याला लांडग्यासारखेच खाऊ घालावयाचे असे ठरविले तरी खरी अडचण पुढेच उभी राहते. निसर्ग लांडग्याला मांस देत नाही. अख्खे जनावर देतो. शिकार पडल्यावर लांडगे प्रथम पोट फाडून यकृत, हृदय, फुप्फुसे खातात, जठराची भिंत खातात, त्यातला चारा बहुधा सांडून देतात, मग मांस, मऊ हाडे, कूर्चा, कातडे, आणि टोळी मोठी असली तर अखेरीस बरीचशी हाडेही. खाटकाचे दुकान ही याच्या नेमकी उलट जागा. तेथे जनावर उलगडून, प्रत्येक भाग निराळ्या भावाने, निराळ्या गिऱ्हाइकासाठी टांगलेला असतो: मांडीचा गोळा एकीकडे, नळ्या दुसरीकडे, कलेजी आणि गुर्दे थाळीत, वजडी टोपलीत, मुंडी आणि पाये ओट्याच्या टोकाला, कातडे चर्मकाराकडे रवाना झालेले आणि रक्त केव्हाच मोरीतून वाहून गेलेले. कच्चे मांस खाऊ घालणाऱ्याला हे विखुरलेले जनावर पुन्हा जुळवावे लागते, आणि जो केवळ स्वच्छ, लाल, बिनहाडाचे मांस घरी आणतो, आणि बहुतेक हौशी मालक प्रेमापोटी नेमके तेच आणतात, तो कुत्र्याला निसर्गात कोठेच न सापडणारा आहार देत असतो.

याचा हिशेब मांडून पाहू. वीस किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाकाठी हजाराच्या आसपास किलोकॅलरी लागतात, आणि दर हजार किलोकॅलरींमागे त्याला सुमारे १ ग्रॅम कॅल्शियम मिळावे, असे आहारशास्त्राचे प्रमाण आहे. सहाशे ग्रॅम बिनचरबीचे मांस घेतले तर त्यातून मिळणारे कॅल्शियम भरते साठ-सत्तर मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या पंधराव्या हिश्श्याच्या आसपास; उलट फॉस्फरस मात्र एक ग्रॅमहून अधिक. कॅल्शियम फॉस्फरसहून किंचित जास्त असावे अशी शरीराची मागणी, आणि मांसात फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट. रक्तातील कॅल्शियम तर ठरावीक पातळीखाली उतरू देता येत नाही, कारण हृदयाचे आणि स्नायूंचे चलनवलन त्यावर अवलंबून. म्हणून गळ्यातील परावटू ग्रंथी आपले संप्रेरक सोडू लागतात आणि त्या संप्रेरकाच्या आज्ञेने हाडांच्या खजिन्यातून रोजची उचल सुरू होते. प्रौढ कुत्र्याचा खजिना मोठा, त्यामुळे दिवाळे निघावयास वेळ लागतो. पिल्लाचे तसे नाही. चार महिन्यांचे गुटगुटीत, चकचकीत केसांचे, केवळ मांसावर वाढविलेले पिल्लू, पण ते मागील पायांवर उभे राहावयास कुरकुरते, उचलून घेतले की विव्हळते, आणि कधी पलंगावरून उडी मारल्याचे निमित्त होऊन त्याची मांडी मोडते. त्याची क्ष-किरण प्रतिमा उजेडावर धरली म्हणजे एरवी पांढरी शुभ्र दिसणारी हाडे भोवतालच्या मांसाइतकीच धूसर, कवच कागदासारखे पातळ, आणि ठिकठिकाणी कांब मुडपावी तशा चुण्या पडलेल्या. मालकाने यात कंजुषी केलेली नसते; उलट शेजाऱ्यापाजाऱ्यांहून अधिकच खर्च केलेला असतो.

यावर उपाय म्हणून दुसऱ्या टोकाला जाऊन पिल्लाला कॅल्शियमच्या गोळ्या चारणारेही पुष्कळ असतात. हॉलंडमधील उत्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांनी दाखविले, की जास्तीचे कॅल्शियम आतड्यातच अडवून धरण्याची शक्ती कोवळ्या पिल्लाजवळ नसते; ते शोषले जाते आणि वाढणाऱ्या हाडांची घडण बिघडते. मोठ्या जातीच्या पिल्लाचा आहार म्हणूनच दोन्ही बाजूंनी खड्डे असलेल्या अरुंद बांधावरून चालविल्याप्रमाणे चालवावा लागतो. प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत इतकी ओढाताण नाही, आणि एका कोंबडीच्या अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते, एवढी माहितीही बरेच काम भागविते.

कॅल्शियमप्रमाणेच इतर द्रव्यांचे. आयोडीन, जस्त, मँगनीज, ई आणि ड जीवनसत्त्व यांची उणीव घरगुती कच्च्या आहाराच्या तपासण्यांत वारंवार आढळलेली आहे. कलेजीत अ जीवनसत्त्व आणि तांबे भरपूर, म्हणून ती हवी. पण रोज वाटीभर कलेजी दिली तर तेच अ जीवनसत्त्व शरीरात साचून मानेची व सांध्यांची हाडे जखडते. १९१२ च्या अखेरीस दक्षिण ध्रुवप्रदेशात डग्लस मॉसन आणि झेव्हियर मर्ट्झ या दोघा अन्नाला मोताद झालेल्या प्रवाशांनी आपले स्लेजचे कुत्रे मारून खाल्ले. मर्ट्झ वाटेतच दगावला, आणि कुत्र्यांच्या यकृतांतील अ जीवनसत्त्वाने त्याचा घात केला असावा, असे अनुमान पुढे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मांडले. ते सर्वांना मान्य नाही, परंतु यकृत हे केवळ अन्न नसून कोठार आहे, हे ध्यानात ठेवण्यास ते पुरेसे आहे. याहून विचित्र प्रकार जर्मनीतून नोंदला गेला. स्वस्त म्हणून जनावराच्या गळ्याचा भाग रोज खाऊ घातलेल्या कुत्र्यांना त्या मांसाबरोबर गुरांची अवटू ग्रंथीही मिळत गेली, आणि त्यांच्या रक्तात अवटू संप्रेरकाचे प्रमाण वाढून ती अस्वस्थ आणि कृश होऊ लागली; आहार बदलताच ती पूर्ववत झाली.

हाडांविषयी पंथाचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. कच्चे हाड चघळल्याने दातांवरचे कीटण झपाट्याने उतरते, हे ब्राझीलमध्ये बीगल कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात स्पष्ट दिसले. पण रानातल्या जीवनाने दात निरोगी राहतातच असे मात्र नाही. आफ्रिकेतील रानकुत्र्यांच्या कवट्या तपासल्या तेव्हा हिरड्यांच्या रोगाच्या आणि मोडक्या दातांच्या खुणा त्यांतही सर्रास आढळल्या. म्हशीची नळी कुत्र्यापुढे टाकली की ती मांस कातरणारी मोठी उपदाढच उभी चिरफळते. शिजवलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार ढलप्या निघतात, म्हणून ते कधीच देऊ नये. आपल्याकडे रस्सा झाल्यावर ताटातील हाडे कुत्र्याला घालण्याची जी वहिवाट आहे तिला कच्च्या मांसाचे समर्थक आणि विरोधक असे दोघेही एकमुखाने हरकत घेतात, आणि दोघांचे एकमत झालेली ही जवळजवळ एकच बाब होय.

सर्वांत मोठे कोडे पडते ते अवयवांपाशी. जनावर पूर्ण जुळवावयाचे तर कलेजी, फोपसा, गुर्दे हे हवेतच. आणि मेंढीच्या नेमक्या याच अवयवांत एकायनोकोकस नावाच्या सूक्ष्म फीतकृमीच्या पाण्याने भरलेल्या गाठी वाढतात. कुत्र्याने अशी गाठ कच्ची खाल्ली की तिच्यातील असंख्य मुंड्या त्याच्या आतड्याला चिकटून तांदळाच्या दाण्याएवढे कृमी होतात. कुत्र्याला त्यांचा काही उपद्रव जाणवत नाही, परंतु त्यांची अंडी विष्ठेवाटे गवतावर, त्याच्या केसांवर आणि तेथून माणसाच्या हातावर येतात, आणि माणसाच्या यकृतात वा फुप्फुसात वर्षानुवर्षे चुपचाप वाढत जाणारी, कधी नारळाएवढी, गाठ तयार होते. ती फुटली तर प्राणावर बेतते.

आइसलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात या रोगाने कहर केला होता. मेंढ्या हेच तेथील धन, प्रत्येक झोपडीत कुत्रे, आणि मेंढी मारली की नको असलेले अवयव कुत्र्यापुढे टाकण्याचा पूर्वापार शिरस्ता. १८६३ मध्ये हाराल्ड क्राबे हा डॅनिश शास्त्रज्ञ तेथे गेला, त्याने कुत्र्यांची शवविच्छेदने केली, आणि चतुर्थांशाहून अधिक कुत्र्यांच्या आतड्यात त्याला हा कृमी सापडला. त्याने साध्या भाषेत एक पुस्तिका लिहिली आणि ती घरोघर फुकट वाटण्यात आली; पुढे कायदे झाले, गाठी असलेले अवयव जाळावे किंवा खोल पुरावे असा बंदोबस्त ठरला, आणि १९२४ मध्ये तर राजधानी रेक्याविकमध्ये कुत्रा पाळण्यावरच बंदी आली, जी १९८४ पर्यंत टिकली. विसाव्या शतकात हा रोग त्या बेटावरून नाहीसा झाला. कायद्याहूनही त्या पुस्तिकेचे श्रेय मोठे, असे मला वाटते, कारण लांबलांब विखुरलेल्या शेतघरांवर पहारा ठेवणे कोणत्याच सरकारला शक्य नव्हते, आणि हिवाळ्याच्या दीर्घ रात्री घरात मोठ्याने वाचन करण्याची रीत त्या लोकांत होती.

न्यूझीलंडने दुसरा मार्ग धरला. १९५९ मध्ये तेथे या रोगासाठी स्वतंत्र कायदा आणि मंडळ स्थापन झाले. कुत्र्याला मेंढीचे कच्चे अवयव घालणे गुन्हा ठरला. आणि शेतकऱ्यांनी ठरल्या दिवशी आपापली कुत्री एका कुंपणाच्या पट्ट्यावर आणून बांधावीत, अधिकाऱ्याने त्यांना रेचक पाजावे आणि पडलेली विष्ठा धुऊन त्यात कृमी शोधावेत, असा जो कार्यक्रम सुरू झाला तो त्या देशाच्या ग्रामीण जीवनाचा एक भागच होऊन बसला. ते रेचक म्हणजे अरेकोलीन, जे आपल्या सुपारीत असते. २००२ मध्ये न्यूझीलंडने स्वतःला या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. तरीही मेंढीच्या मांसातून पसरणाऱ्या दुसऱ्या एका फीतकृमीसाठी ते मांस कुत्र्याला देण्यापूर्वी चांगले शिजवावे किंवा उणे १० अंशांवर दहा दिवस गोठवावे, असा दंडक तेथील मेंढपाळ आजही पाळतात. भारतात एकायनोकोकस शेळ्या-मेंढ्यांप्रमाणे गाईम्हशींतही आढळतो. कत्तलखान्याभोवती घुटमळणाऱ्या कुत्र्यांना फेकलेले अवयव सहज मिळतात, आणि डॉक्टरांच्या हाती अशा गाठींचे रोगी येत राहतात. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत बसून पाश्चात्त्य पुस्तकाबरहुकूम मेंढीची कच्ची कलेजी कुत्र्याला देणाराने हा इतिहास माहीत करून घेतलेला बरा.

जंतूंविषयी फार लिहीत नाही, कारण ते बहुतेकांना ठाऊक असते. कॅनडात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा पाहणीत घरगुती कच्च्या आहाराच्या १० नमुन्यांपैकी ८ नमुन्यांत साल्मोनेला सापडला. हॉलंडमध्ये बाजारातील ३५ गोठविलेले कच्चे पदार्थ तपासले तेव्हा २८ पदार्थांत प्रतिजैविकांना दाद न देणारे ई. कोलाय आणि १९ पदार्थांत लिस्टेरिया आढळला. हे २०१८ सालचे. गोठविण्याने कृमी मरतात, जंतू बहुतांशी केवळ झोपतात. कुत्रा स्वतः यांतील पुष्कळ जंतू सहज पचवून टाकतो आणि ठणठणीत राहतो, हेच पंथाच्या मंडळींना आपल्या मताचे समर्थन वाटते. अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेने २०१२ मध्ये कच्च्या प्राणिजन्य आहाराविरुद्ध जो ठराव केला त्याचे कारणही नेमके हेच, की ठणठणीत कुत्रा जंतू विष्ठेतून आणि जिभेवरून घरभर वाटीत फिरतो.

इतके ऐकूनही ज्यांना हा प्रयोग करावयाचाच आहे, अशांसाठी पंथातच रूढ असलेला एक ठोकताळा आहे: शंभरात ऐंशी भाग मांस, दहा भाग खाता येण्याजोगे कच्चे हाड, दहा भाग अवयव आणि त्यातही निम्मीच कलेजी. आपल्याकडे कोंबडीच्या माना आणि पाये ही हाडाची सोय. पेठा हे मांसच समजावे. आणि महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या व वळूच्या कत्तलीवरही बंदी असल्यामुळे मोठे मांस म्हणजे म्हशीरेड्याचे, जे चरबीने कमी असते. ज्या दुकानात सकाळी माल उतरतो तेथून सकाळीच आणावे, कारण वैशाखात दुपारपर्यंत ओट्यावर पडलेले मांस इंग्लंडातल्या पुस्तकाने डोळ्यांपुढे धरलेले मांस नव्हे. वाडगा पंधरा-वीस मिनिटांत उचलून साबणाने धुवावा. घरात रांगते मूल, गरोदर बाई, कर्करोगाचे उपचार चालू असलेले माणूस किंवा थकलेले आजोबा असतील तर हा प्रयोग करूच नये. आणि मोठ्या जातीचे पिल्लू असेल तर त्याची वाढ पुरी होईपर्यंत थांबावे.

माझा स्वतःचा कल मध्यममार्गाकडे आहे. मांसाचे जे गुण पंथाला मोलाचे वाटतात, म्हणजे उत्तम प्रथिने, भरपूर चरबी, थोडी आणि घट्ट विष्ठा, चकाकणारे केस, ते मंद आचेवर शिजवल्याने फारसे उणावत नाहीत. जंतू आणि कृमी मात्र मरतात. शिजवताना हाडे काढून टाकावी लागतात, म्हणून कॅल्शियम बाहेरून घालणे भाग पडते आणि त्यासाठी अंड्याच्या कवचाची बारीक पूड मापून घालावी; बाकीच्या उणिवांसाठी पशुवैद्याकडून प्रमाण लिहून घ्यावे, दुकानदाराकडून नव्हे. मांस शिजवलेले पाणी मोरीत ओतू नये, कारण ब गटातील जीवनसत्त्वे त्यातच उतरलेली असतात. भाकरी द्यावयाची तर ती त्याच पाण्यात कुस्करून द्यावी, आणि त्यात मीठ-कांदा पडणार नाही एवढे पाहावे.